श्रवणयंत्राच्या संशोधनात जायचंय, नांदेडहून रस्ता कुठून?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. धागा पुतणीसाठी काढतोय. ती नांदेडला इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी परभणीकडच्या एका जिनिंगमध्ये आवाज मोजायला गेली होती. तिथल्या जुन्या कामगारांशी बोलायला मशीन बंद असतानाही ओरडावं लागतं, हे बघून आली आणि तेव्हापासून एकच घोशा: कानावर संशोधन करायचं. कॅम्पसला आलेली नोकरी नको म्हणते. आमचे थोरले बंधू म्हणतात, एवढं शिकून कानाच्या मशीनचं दुकान टाकणार का? मला यातलं ओ का ठो कळत नाही. या लाइनमध्ये कुणी आहे का इथं? शिक्षण कुठं, पैसे किती, आणि मुलीनं मराठवाड्यातून निघून हे करावं का, सगळंच सांगा. गोड बोलू नका, खरं सांगा.

पैठणी
वाचतेय. माझ्या भाच्यालाही उपयोगी पडेल.

कर्णिका
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून यंत्र लावून देणारी, लातूरला प्रॅक्टिस करते. आधी बंधूंची काळजी मिटवते: इंजिनिअरला दुकान टाकून यंत्र बसवून देता येतच नाही! कान तपासून यंत्र लावायला बीएएसएलपी ही ऐकणं आणि बोलणं या विषयाची पदवी आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते, १९९२ चा कायदा आहे तसा. दुकानं कोण चालवतं हा वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

बीएएसएलपी चार वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग (आम्ही सगळे 'आयश' म्हणतो, १९६५ ची संस्था) आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था (१९८३) ही मोठी नावं. मुंबईत नायरला आणि पुण्यात भारती विद्यापीठातही कोर्स आहे. बारावी सायन्सवर प्रवेश. पुढे एमएस्सी ऑडिओलॉजी, मग पीएचडी. पैठणीताई, तुमचा भाचा बारावीत असेल तर हा रस्ता त्याचा.

गोदाकाठ, तुमच्या पुतणीला मात्र हे दार बंद आहे. एमएस्सी ऑडिओलॉजीला आधी बीएएसएलपीच लागते, बीई चालत नाही. म्हणून तिनं नाराज व्हायचं कारण नाही. यंत्राच्या आत जे चालतं ते करणारे बहुतेक इंजिनिअरच असतात. आम्ही फक्त रुग्णाच्या शिव्या खातो.

उदगीरकर
कर्णिकाताईंनी बोलावल्यासारखं वाटलं म्हणून येतोय. मूळ उदगीर, सध्या डेन्मार्क, श्रवणयंत्रातल्या सिग्नल प्रोसेसिंगवर, म्हणजे आत आलेल्या आवाजावर यंत्र जे गणित करतं त्यावर, काम करतो. कंपनीचं नाव विचारू नका.

बहुतेकांना वाटतं की कान गेला म्हणजे आवाज कमी झाला, तो वाढवून दिला की काम झालं. आजोबांकडं बघा. नातू हळू बोलला तर म्हणतात, "जरा मोठ्यानं बोल." तो आवाज चढवतो तर म्हणतात, "ओरडतो कशाला, बहिरा आहे का मी?" घरातले हसतात, पण आजोबा दोन्ही वेळेला खरं बोलतायत. आतल्या कानात बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी साधारण १२,००० असतात आणि आतल्या रांगेतल्या साधारण ३,५००. वय, गोंगाट, औषधं, या सगळ्यांचा पहिला मार बाहेरच्यांवर बसतो. हळू आवाजाला उचलून धरायचं काम त्यांचं. त्या मेल्या की हळू आवाज गायब होतो, पण मोठा आवाज पहिल्याइतकाच मोठा लागतो. म्हणजे ऐकू यायला लागणं आणि त्रास व्हायला लागणं यातली जागाच आक्रसते. यंत्राला हळू आवाज भरपूर वाढवायचा आणि मोठा जवळजवळ तसाच सोडायचा, असं जाड ते बारीक आवाजाच्या प्रत्येक पट्टीत वेगवेगळं करावं लागतं. याला कॉम्प्रेशन म्हणतात. कुठल्या पट्टीत किती, याची सूत्रं आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं एनएएल-एनएल२ सगळ्यात जास्त चालतं.

एवढं करूनही लग्नाच्या पंगतीत आजोबा गप्पच बसतात. कारण त्या पेशी गेल्या की शेजारशेजारच्या पट्ट्यांतले आवाज एकमेकांत मिसळायला लागतात. वाढप्याचा आवाज, भांडी, लाऊडस्पीकर, शेजारच्या व्याह्याचं बोलणं, सगळ्याचा काला. आवाज वाढवला तर कालाच वाढतो. हा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि पुतणीला आयुष्यभर पुरेल एवढा मोठा आहे.

त्यात यंत्राच्या अटी ऐका. झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची, विजेचा खर्च एक-दोन मिलिअँपियरच्या आसपास ठेवायचा. आवाज आत घेऊन, गणित करून कानात सोडायला १० मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ. जास्त लागला तर थेट येणारा आवाज आणि यंत्रातला आवाज एकमेकांवर चढतात आणि माणसाला स्वतःचंच बोलणं डब्यात बोलल्यासारखं येतं. मोबाईलवरचं एआय गोंगाट झकास काढतं, पण त्याला वेळ आणि बॅटरी दोन्ही मुबलक. हेच कानामागे बसवायचं म्हटलं की भल्याभल्यांची भंबेरी उडते. २०२४ मध्ये फोनॅक या यंत्राच्या कंपनीनं नुसतं बोलणं वेगळं काढण्यासाठी स्वतंत्र चिप टाकलेलं यंत्र आणलं, म्हणजे उद्योग किती घायकुतीला आलाय बघा.

पैशाचं नंतर लिहितो, इथं रात्र झालीय.

पाटोद्याचा आबा
लई भारी माहिती. पण म्या काय म्हंतो, इकडं वरातीत डीजे लावायलेत, भिंतीची माती पडायली, म्हाताऱ्याच्या छातीत धडधडायलंय, आन् कानाचं संशोधन डेन्मार्कात कामून? इथं या की!

कर्णिका
आबा, शंभर टक्के. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, ही सुरक्षिततेची हद्द धरतात. वर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करायची. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि वरातीत डीजेपुढं नाचणारी पोरं तासभर हलत नाहीत. आपल्या कारखान्यांच्या नियमात तर आठ तासांना ९० धरलेत. जिनिंग, जालन्याच्या रोलिंग मिल, वाळूजची प्रेस शॉप, लातूरच्या डाळमिल, इथले लोक माझ्याकडं येतात तेव्हा ऑडिओग्राम (कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख) काढायच्या आधीच अंदाज येतो. ४००० हर्ट्झला खड्डा. बोलण्याच्या मुख्य पट्ट्या सुरुवातीला शाबूत असतात म्हणून माणूस वर्षानुवर्षं म्हणत राहतो, मला तर ऐकू येतंय.

आणखी एक. डीजेनंतर कानात दडे बसतात, शिट्टी वाजते आणि दोन दिवसांत उतरते, म्हणून पोरं निर्धास्त. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या दोघांनी उंदरांवर दाखवलं की तपासणीत कान पूर्ववत झालेला दिसला तरी केसपेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. माणसांत ते नेमकं कसं ओळखायचं यावर अजून रण पेटलंय. पुतणीला सांगा, हाही विषयच आहे.

रोखठोक
सगळं ठीक. पण मूळ प्रश्न राहिला. पैसे किती? पोटाचं काय?

उदगीरकर
रोखठोक, तुमच्या नावाला जागून सांगतो. भारतात पीएचडी केली आणि नेट-जेआरएफ ही संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं भत्ता. पाच वर्षं जातात. तेवढ्या काळात तिच्या वर्गातली सॉफ्टवेअरवाली पोरं पुण्यात फ्लॅट बुक करतील. हे बंधूंपासून लपवू नका.

पीएचडीनंतर कंपनीत आलात तर उत्तम. पण जगातली बहुतेक यंत्रं पाचच घराण्यांची: सोनोवा, डीमंट, जीएन, डब्ल्यूएस ऑडिओलॉजी, स्टार्की. त्यांचं मूळ संशोधन मोजक्या गावांत चालतं, कोपनहेगनच्या आसपास, स्वित्झर्लंडला, जर्मनीत, अमेरिकेत मिनेसोटाला. एका कंपनीनं माणसं कमी केली की दुसरीकडं जायला चारच दारं. ही या धंद्यातली खरी गोम. जमेची बाजू म्हणजे इथं शिकलेलं सिग्नल प्रोसेसिंग हेडफोन, फोन, गाड्या, सगळीकडं चालतं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणारं सरकारी खातं) ॲपलच्या इयरबडमधल्या श्रवणयंत्राच्या सोयीला परवानगी दिली, तेव्हापासून ही भिंत आणखी पातळ झालीय.

एमटेक-पीएचडीसाठी आयआयटी बॉम्बेच्या इलेक्ट्रिकलमध्ये श्रवणयंत्राच्या प्रोसेसिंगवर पूर्वीपासून काम झालेलं आहे. बाहेर डेन्मार्कच्या डीटीयू या तंत्र विद्यापीठात इंजिनिअरिंग अकूस्टिक्सची मास्टर्स आहे, पण आपल्याला फी भारी पडते. जर्मनीतलं ओल्डनबर्ग विद्यापीठ हे या विषयाचं पंढरपूर, आणि तिथं फी नसल्यासारखीच.

माजलगावकर
हा धागा दोन दिवस वाचत होतो, आता राहवत नाही. मी शिक्षक आहे, लहानपणापासून यंत्र लावतो. तुमचं सगळं बरोबर असेल, पण संशोधन करणाऱ्यांनी यंत्र घालणाऱ्याला विचारल्याचं मी तरी बघितलं नाही.

आमच्याकडं एका शिबिरात म्हाताऱ्यांना यंत्रं वाटली. नाव लिहीत नाही. रांगेत उभं करून हातात डबी दिली, फोटो काढले. कुणाच्या कानाचा साचा घेतला नाही, कुणाच्या ऑडिओग्रामप्रमाणं सेटिंग केलं नाही. घरी गेल्यावर कुईई वाजायला लागलं. सहा महिन्यांनी बघितलं तर यंत्र देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात, बॅटरीला हिरवं आलेलं. सरकारी आकड्यात मात्र लाभार्थी.

दुसरं, उन्हाळा. इथं मे महिन्यात पारा ४२ च्या वर. कानामागं घाम, वरून फुफाटा. रिसीव्हरच्या (यंत्राच्या छोट्या स्पीकरच्या) जाळीत मळ आणि धूळ बसून दगड होतो. बॅटरीच्या पाकिटावर लिहिलेले दिवस ती कधीच भरत नाही.

तिसरं वर्गातलं. पोरांचे आवाज बारीक. "सर, येऊ का" कळतं. पण 'स' मला आयुष्यात नीट ऐकू आलेला नाही. लहान होतो तेव्हा आई विचारायची "जेवलास का", मला यायचं "जेवला का". मला वाटायचं, आई कुणा तिसऱ्याबद्दल विचारतेय. मी म्हणायचो, माहीत नाही. मार खाल्लाय त्यावरून.

कर्णिका
सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून क्लिनिकमध्ये लावणार आहे. 'स' ची ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, बाईच्या किंवा लहान मुलाच्या आवाजात त्याहूनही बरीच वर. जुनी यंत्रं तिथं पोचतच नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांचं अनेकवचन यात बुडतं, त्यावर तिकडं भरपूर अभ्यास झालेत. आपल्या मुलांचा बुडतो तो 'तू'. जेवलास, येतोस, करतेस, सगळ्यांचं शेपूट गेलं. मराठी मूल यंत्र लावून हे शेपूट कोणत्या वयात, कोणत्या सेटिंगला पकडतं, हे मराठी माणूस सोडून कोण बघणार?

उदगीरकर
सर, बॅटरीचं कारण सांगतो. झिंक-एअर हवेवर चालते, त्यासाठी तिला बारीक भोकं असतात. आपल्याकडची कोरडी हवा त्या भोकांतून आतला ओलावा ओढून घेते आणि बॅटरी मुदतीआधी सुकते. दमट हवेत उलटा त्रास. इथं थंड देशात बसून आम्ही माजलगावचा मे महिना डोळ्यांपुढं आणत नाही, हे मान्य.

पेशीवाला
छत्रपती संभाजीनगरहून. मी जनुकशास्त्रवाला, तिसरा दरवाजा दाखवतो. जन्मजात बहिरेपणात जनुकांचा वाटा मोठा आहे. जीजेबी२ नावाच्या जनुकातला दोष जगभर सापडतो, आणि भारतात त्यातला डब्ल्यू२४एक्स हा बदल ठळकपणे दिसतो. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच मूल बहिरं होतं. दोघांचेही कान ठणठणीत, फक्त दोष वाहून आणणारे, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आता आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत...

रोखठोक
आलं का! आमच्या चार पिढ्या मामाच्या मुली करतायत, एकही बहिरा नाही. उगाच रितीला नावं ठेवू नका.

पेशीवाला
नावं ठेवत नाही हो. तुमच्या घराण्यात तो दोष नसेल, तर चार काय, दहा पिढ्या काही होणार नाही. ज्या घरात आहे तिथं नात्यातल्या लग्नानं दोन्हीकडून तोच दोष येण्याची शक्यता वाढते, एवढंच. म्हणून घरात आधीच एक बहिरं मूल असेल तर तपासणी आणि समुपदेशन हवं. ते करणारी माणसं आपल्या भागात फार थोडी. दुसरीकडं ओटीओएफ या जनुकाच्या दोषावर चीनमध्ये मुलांच्या कानात चांगलं जनुक सोडून उपचार केले, निकाल २०२४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले, जन्मापासून बहिरी मुलं ऐकायला लागली. प्रकार दुर्मीळ आहे, सगळ्यांना लागू नाही. पण बायोटेकवाल्या पोरांनी या दाराकडं जरूर बघावं.

पैठणी
एक विचारू? बाळ जन्मल्यावर लगेच कळतं का?

कर्णिका
कळतं. ओएई नावाची तपासणी, बाळ झोपलेलं असताना कानात बारीक प्रोब, काही मिनिटांचं काम. कान स्वतःहून बारीक आवाज परत पाठवतो, हे १९७८ मध्ये डेव्हिड केम्पनं दाखवलं, त्यावर हे उभं आहे. शंका आली तर बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडं पोचतो का याची तपासणी. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत यंत्र, असा दंडक आहे. माझ्याकडं मुलं येतात तीन-चार वर्षांची झाल्यावर, "त्याचा बापही उशिरा बोलला होता" हे ऐकून ऐकून.

जिनिंगवाली
नमस्कार. मीच ती पुतणी. काकांनी घोशा वगैरे लिहिलंय ते सोडून द्या. सगळ्यांचे आभार, विशेषतः माजलगावकर सरांचे. दोन प्रश्न. एक, ओल्डनबर्गला अर्ज करायच्या आधी दाखवण्यासारखं काय करू? घरी लॅपटॉप आणि एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक) आहे. दोन, मला फक्त कोड लिहायचं नाहीये, माणसांवर तपासायचंय. ते इंजिनिअरला करू देतात का?

उदगीरकर
शाब्बास, असेच प्रश्न विचार. पहिल्याचं उत्तर: ओल्डनबर्गवाल्यांनीच 'ओपन एमएचए' नावाचं आख्खं श्रवणयंत्र सॉफ्टवेअरमध्ये फुकट ठेवलंय, ते पायवर चालतं. आधी ते चालव, कॉम्प्रेशन बदलून बघ. गोंगाटात बोलणं नीट ऐकवण्यासाठी घेतलेल्या ब्रिटनमधल्या 'क्लॅरिटी' स्पर्धांचा डेटाही खुला आहे.

दुसऱ्याचं: करू देतात, पण नैतिक समितीची परवानगी लागते आणि सोबत ऑडिओलॉजिस्ट लागतो. ताई आहेतच. एक काम सुचवतो, ज्याला यंत्रसुद्धा लागत नाही. ओल्डनबर्गची वाक्यचाचणी बघ. पाच शब्दांचं वाक्य: नाव, क्रियापद, आकडा, विशेषण, वस्तू. प्रत्येक जागेला दहा शब्द, कुठलाही उचलून वाक्य बनवायचं, म्हणजे माणसाला पाठ होत नाही. मागे गोंगाट लावायचा आणि निम्मे शब्द कळतात ती पातळी शोधायची. मराठीत सुरुवात करून बघ, कुठं अडतेस ते सांग.

जिनिंगवाली
अडले! 'सुनीतानं सात जुने डबे विकले' झालं. 'डबे' काढून 'पाट्या' टाकल्या की 'जुन्या' आणि 'विकल्या'. वाक्याच्या शेपटावरूनच वस्तूचं लिंग कळतं, म्हणजे न ऐकताही निम्मा अंदाज. मग दहाही वस्तू एकाच लिंगाच्या घ्यायच्या ना?

उदगीरकर
बरोबर पकडलंस. सगळ्या पुल्लिंगी अनेकवचनी, दोन अक्षरी, आणि लातूर-बीडपासून पुण्यापर्यंत सगळ्यांच्या ओळखीच्या.

पैठणी
डबे, कांदे, आंबे, पेढे, पंखे.

पाटोद्याचा आबा
फेटे घ्या. पत्रे घ्या. भोपळे बी चालतील.

कर्णिका
भोपळे तीन अक्षरी झाले, आबा. आणि यादीत 'स' पाहिजे. मासे?

गोदाकाठ
आमच्या माळकरी घरात पोरगी दिवसभर मासे मासे म्हणत बसणार तर. असो, मासे चालतील. बंधूंना मी समजावतो.

जिनिंगवाली
'ळ' साठी गोळे. दहावं घोडे.

माजलगावकर
गोळे आणि घोडे एका यादीत नका घेऊ. मला दोन्ही सारखेच येतात.

कर्णिका
मग तर दोन्ही ठेवायचे, सर. आणि पहिली तपासणी तुमच्यावर. मंगळवार सोडून कधीही लातूरला या.